जीपीएसशिवाय बेंचमार्क कसे शोधायचे? जुन्या सर्वेक्षण खुणांच्या शोधाची पहिली पायरी

शेअर बाजाराच्या बातम्यांत 'बेंचमार्क निर्देशांक' हा शब्द रोज कानावर पडतो. हा शब्द मुळात बाजारातला नाही. तो आला आहे जमीन मोजणाऱ्यांकडून. पुलाच्या कठड्यावर, जुन्या इमारतीच्या जोत्यावर किंवा रस्त्याकडेच्या दगडावर कोरलेली, समुद्रसपाटीपासूनची उंची अचूक मोजलेली खूण म्हणजे बेंचमार्क.

अशा लाखो खुणा जगभर विखुरलेल्या आहेत. अमेरिकेत त्या शोधून काढणं हा अनेकांचा सुट्टीच्या दिवसाचा छंद आहे. त्यासाठी महागडं जीपीएस यंत्र लागतं, असा समज असतो. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच खुणा जीपीएस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी बसवल्या गेल्या आणि पुढच्या माणसाला त्या सापडाव्यात म्हणून त्यांचा पत्ता शब्दांत लिहून ठेवला गेला. तो पत्ता वाचता आला, की मोजपट्टी आणि होकायंत्र पुरतं.

बेंचमार्क म्हणजे नेमकं काय?

पूर्वी उंची मोजणारे सर्वेक्षक भिंतीवर किंवा दगडावर एक आडवी खाच कोरत. पुढच्या वेळी त्या खाचेत लोखंडी पट्टीचा कोन अडकवला, की मोजणीची काठी ठेवायला एक पक्कं 'बाक' म्हणजे बेंच तयार होई. त्या बाकाची खूण म्हणून ती 'बेंच मार्क'. काठी दरवेळी बरोबर त्याच उंचीवर टेकायची, हा त्याचा फायदा.

एका खुणेची उंची कळली, की तिच्यापासून पुढच्या जागेची उंची मोजता येते. धरण, कालवा, रेल्वेमार्ग, सांडपाण्याची वाहिनी, पूररेषा यांपैकी कोणतंही काम 'इथून पाणी कुठे वाहील?' या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय होत नाही. भारतातल्या रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. असा आकडा ठरवायला कुठल्यातरी पक्क्या बिंदूपासून सुरुवात करावी लागते. बेंचमार्क हा तो बिंदू.

उंचीचा आकडा मात्र दगडासारखा कायमचा नसतो. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात कोलोरॅडो राज्याच्या कॅपिटॉल इमारतीची एक पायरी समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल, म्हणजे ५,२८० फूट उंचीवर आहे, असं मानलं जातं. १९०९ मध्ये हा मान पंधराव्या पायरीला मिळाला. १९६९ मध्ये पुन्हा मोजणी झाली आणि तो अठराव्या पायरीकडे गेला. २००३ मध्ये नव्या मोजमापानुसार तो तेराव्या पायरीवर आला. इमारत जागची हलली नाही, मोजणीचा आधार आणि पद्धत बदलली. म्हणून आकडा जुना झाला तरी खूण जागेवर असणं महत्त्वाचं असतं. खूण टिकली, तर नवा आकडा तिच्यावरच पुन्हा मोजता येतो.

खुणा दिसतात कशा?

अमेरिकेत या खुणांची सरकारी नोंद 'नॅशनल जिऑडेटिक सर्व्हे' ही संस्था ठेवते. तिची परंपरा १८०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या काळात स्थापन झालेल्या किनारा सर्वेक्षणापर्यंत जाते. तिथे सर्वसाधारणपणे पुढील प्रकारच्या खुणा आढळतात.

- धातूची तबकडी: पितळ किंवा कांस्याची, सुमारे ९ सेंटीमीटर व्यासाची. काँक्रीटच्या खांबात, पुलात, इमारतीत किंवा खडकात बसवलेली. कडेला संस्थेचं नाव, मध्ये खुणेचं नाव आणि बसवल्याचं वर्ष ठोकलेलं असतं.
- छिन्नीची खूण: दगडात किंवा काँक्रीटमध्ये कोरलेला छोटा चौकोन किंवा फुली. जुन्या पुलांवर आणि इमारतींच्या पायऱ्यांवर अशा खुणा असतात. त्यांवर नाव नसतं, त्यामुळे वर्णनाशिवाय ओळखणं अवघड.
- बोल्ट किंवा सळई: खडकात बसवलेला धातूचा बोल्ट किंवा जमिनीत खोलवर ठोकलेली सळई. नव्या सळईवर अनेकदा झाकण असतं.
- त्रिकोणमितीय स्थानक: हे उंचीसाठी नव्हे, तर अक्षांश-रेखांशासाठी. तबकडीच्या मध्यभागी छोटा त्रिकोण असतो. ती शक्यतो टेकडीवर किंवा मोकळ्या उंच जागी असते.
- संदर्भ खूण: त्रिकोणमितीय स्थानकाच्या आसपास बसवलेली साथीदार तबकडी. तिच्यावरचा बाण मुख्य खुणेकडे रोखलेला असतो.
- दुरून दिसणारे बिंदू: चर्चचा मनोरा, पाण्याची टाकी, उंच इमारतीचं टोक. यांना तबकडी नसते, ती वास्तूच खूण असते.

बाण असलेली संदर्भ खूण नवशिक्यासाठी फार कामाची. मुख्य खूण गवतात हरवली असेल आणि संदर्भ खूण सापडली, तर बाणाच्या दिशेने डेटाशीटमधलं अंतर मोजत गेलं की मुख्य खुणेची जागा मिळते.

जीपीएस नसेल तर अडतं का?

फारसं नाही. काही खुणांच्या बाबतीत तर जीपीएस असूनही उपयोग होत नाही.

कारण साधं आहे. त्रिकोणमितीय स्थानकांचे अक्षांश-रेखांश अतिशय काटेकोरपणे मोजलेले असतात. पण उंचीच्या बेंचमार्कसाठी सर्वेक्षकांना फक्त उंची हवी होती, जागेचे अक्षांश-रेखांश नव्हेत. पुढे नोंदी संगणकात भरताना अशा अनेक खुणांचे अक्षांश-रेखांश कागदी नकाशावर पट्टी ठेवून काढण्यात आले. डेटाशीटमध्ये त्यांच्यापुढे 'स्केल्ड' असा शेरा असतो आणि अचूकता सुमारे सहा सेकंद अशी दिलेली असते. हे सेकंद घड्याळाचे नव्हेत, कोनाचे. जमिनीवर उत्तर-दक्षिण दिशेत सहा सेकंद म्हणजे जवळपास १८५ मीटर.

म्हणजे जीपीएस अगदी नेमकेपणाने चुकीच्या जागी नेऊन उभं करू शकतं. खूण असते रस्त्याच्या पलीकडच्या पुलावर आणि शोधणारा मात्र फोनकडे बघत शेत तुडवत राहतो. उलट त्याच डेटाशीटमधलं 'पुलाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कठड्याच्या टोकापासून दोन फुटांवर' हे वाक्य थेट खुणेपर्यंत पोहोचवतं.

याउलट 'अ‍ॅडजस्टेड' असा शेरा असलेले अक्षांश-रेखांश विश्वासार्ह असतात. कोणता शेरा आहे हे आधी पाहण्याची सवय लागली, की अर्धी दमछाक वाचते.

पहिल्या शोधासाठी कोणती खूण निवडावी?

पहिल्याच दिवशी डोंगरमाथ्यावरची खूण शोधायला जाऊ नये. पुढील निकष लावून घराजवळच्या तीन-चार खुणा निवडाव्यात.

१. वास्तूत बसवलेली खूण: न्यायालय, टपाल कार्यालय, शाळा, वाचनालय किंवा रेल्वे स्थानकाच्या भिंतीतली. इमारत उभी असेल तर खूण असण्याची शक्यता चांगली. अमेरिकेत गावोगावच्या कौंटी न्यायालयांच्या भिंतींत अशा तबकड्या आढळतात.

२. सार्वजनिक जागेतली खूण: उद्यान, पदपथ, वापरातला पूल. खासगी शेतातली किंवा रेल्वे हद्दीतली नको.

३. अलीकडे कुणीतरी पाहिलेली खूण: डेटाशीटच्या इतिहासात ती कोणकोणत्या वर्षी आणि कोणत्या अवस्थेत आढळली याची यादी असते. शेवटची नोंद वीस वर्षांपूर्वीची असेल, तर ती साठ वर्षांपूर्वीच्या नोंदीपेक्षा आशादायक.

४. दुरून दिसणारा बिंदू: चर्चचा मनोरा किंवा पाण्याची टाकी. हा सोपा वाटतो, पण त्यातही मेख असते. १९३० च्या दशकातली टाकी पाडून त्याच जागी नवी बांधली असेल, तर ती जुनी खूण नव्हे. जुनी छायाचित्रं आणि बांधकामाचं वर्ष ताडून पाहणं हाच इथला खरा शोध.

डेटाशीट कशी वाचायची?

अमेरिकेतल्या प्रत्येक नोंदलेल्या खुणेची डेटाशीट नॅशनल जिऑडेटिक सर्व्हेच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. राज्य आणि कौंटी निवडून यादी काढता येते. पहिल्यांदा पाहिल्यावर हा कागद आकड्यांचं जंगल वाटतो. नवशिक्याला त्यातल्या सहाच गोष्टी लागतात.

- ओळख क्रमांक: दोन अक्षरं आणि चार अंक. एका खुणेला एकच क्रमांक, त्यामुळे गोंधळ होत नाही.
- नाव: उदाहरणार्थ 'ए १२३'.
- ठोकलेला मजकूर: तबकडीवर प्रत्यक्षात काय आहे ते. उदाहरणार्थ 'ए १२३ १९३४'. यातला शेवटचा आकडा उंची नव्हे, वर्ष आहे.
- खुणेचा प्रकार आणि बसवण्याची पद्धत: तबकडी आहे की छिन्नीचा चौकोन, खांबात आहे की खडकात.
- इतिहास: कोणत्या वर्षी कुणाला कोणत्या अवस्थेत सापडली.
- वर्णन: तिथे कसं पोहोचायचं, याची शब्दांतली वाट.

कागदाच्या छापील प्रतीवर वर्णनातलं प्रत्येक अंतर आणि दिशा अधोरेखित करून घेतली, तर जागेवर गोंधळ कमी होतो. सोबत जुना नकाशा असेल तर उत्तम. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १८८० च्या दशकापासूनचे स्थलदर्शक नकाशे स्कॅन करून मोफत उपलब्ध केले आहेत. त्यांवर बेंचमार्कच्या जागी 'बीएम' ही अक्षरं आणि उंची, तर त्रिकोणमितीय स्थानकाच्या जागी त्रिकोण दिसतो.

एक नमुना: वर्णनातून वाट काढणं

डेटाशीटमधली वर्णनं कोणत्या धाटणीची असतात, हे कळावं म्हणून नमुन्यादाखल रचलेलं एक वर्णन पाहा:

'गावातल्या पोस्ट ऑफिसपासून महामार्गाने उत्तरेकडे १.२ मैल. ओढ्यावरच्या काँक्रीट मोरीच्या दक्षिणेला. महामार्गाच्या मध्यरेषेपासून ३१ फूट पश्चिमेला. मोरीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून ६१ फूट. दगडी चर्चच्या ईशान्य कोपऱ्यापासून ४३ फूट. कुंपणाच्या पूर्वेला २ फूट. काँक्रीटच्या खांबात बसवलेली तबकडी, जमिनीच्या पातळीला.'

आता एकेक धागा तपासायचा.

पोस्ट ऑफिस: हे कदाचित जुन्या जागेवर नसेल. गावातली पोस्ट ऑफिसं इमारती बदलतात. वर्णन ज्या वर्षीचं, त्या वर्षी ते कुठे होतं हे स्थानिक वाचनालयात किंवा जुन्या नकाशात कळतं. तोवर ओढा आणि महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात ती जागा नकाशावर शोधावी. ओढा सहसा पोस्ट ऑफिससारखा घर बदलत नाही.

१.२ मैल: हे अंतर गाडीच्या अंतरमापकावर मोजता येतं. अमेरिकेतल्या गाड्यांत ते मैलाच्या दशांशापर्यंत दिसतं. सायकल असेल तर चाकाचा परीघ मोजून फेरे मोजावेत. रस्त्याचं वळण नंतर सरळ केलं असेल, तर हा आकडा थोडा चुकेल.

मध्यरेषा: इथे सर्वांत जास्त फसगत होते. दोन पदरी रस्ता चार पदरी करताना बहुतेकदा एकाच बाजूला रुंदी वाढवतात. मग मध्यरेषा सरकते आणि '३१ फूट' चुकीच्या ठिकाणी पडतात.

कुंपण: तारेचं कुंपण पन्नास वर्षांत दोन-तीनदा बदललेलं असू शकतं. त्यावर भिस्त ठेवू नये.

मोरी आणि चर्च: हे दोन सर्वांत भक्कम साक्षीदार. मोरीच्या कोपऱ्यापाशी टेपचं टोक धरून ६१ फुटांवर जमिनीवर एक कमान आखायची. मग चर्चच्या कोपऱ्यापासून ४३ फुटांची दुसरी कमान. दोन्ही कमानी दोन ठिकाणी छेदतील. त्यातली महामार्गाच्या पश्चिमेची आणि मोरीच्या दक्षिणेची जागा कोणती, हे वर्णनावरून ठरतं. शोध सुरू करायचा तो तिथे.

शाळेत कंपास घेऊन त्रिकोण काढताना हेच केलेलं असतं. इथे फक्त कंपासच्या जागी टेप आणि वहीच्या जागी जमीन असते.

सोबत काय घ्यावं?

- १०० फुटी किंवा ३० मीटरची मोजपट्टी. अमेरिकेतली जुनी वर्णनं फुटांत असतात, त्यामुळे फूट असलेली बरी.
- साधं होकायंत्र. त्याची सुई चुंबकीय उत्तर दाखवते. डेटाशीटच्या तक्त्यात संदर्भ खुणांची दिशा खऱ्या उत्तरेवरून दिलेली असते. दोहोंतला फरक जागेनुसार आणि वर्षानुसार बदलतो, तो आधी पाहून ठेवावा.
- माती आणि शेवाळ झटकायला मऊ ब्रश.
- पानं-गवत बाजूला करायला आणि जमिनीत हलकेच टोचून पाहायला बोथट टोकाची काठी.
- पाणी, टोपी, बूट, वही-पेन्सिल आणि फोटोसाठी फोन.

टेप नसली तर स्वतःची पावलंही चालतात. घराजवळ १०० फूट मोजून घ्यावेत, नेहमीच्या चालीने किती पावलं लागतात ते तीनदा मोजून सरासरी काढावी. मग ६१ फूट म्हणजे किती पावलं हे लगेच कळतं.

रेल्वेमार्गालगतच्या जुन्या वर्णनांत आणखी गमतीची मापं भेटतात. 'मैलाच्या दगडापासून पाच खांब पश्चिमेला' म्हणजे तारेचे पाच खांब. 'सात रूळ' म्हणजे रुळाच्या सात तुकड्यांची लांबी. एका रुळाची प्रमाण लांबी पुढे ३९ फूट झाली, त्याआधी ती कमी होती. त्यामुळे वर्णनाचं वर्ष पाहिल्याशिवाय हिशेब करू नये.

खूण सापडली, आता पुढे?

आधी खात्री करावी. तबकडीवर ठोकलेला मजकूर आणि डेटाशीटमधला मजकूर अक्षरशः जुळला पाहिजे. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे शेजारची संदर्भ खूण पाहून मुख्य खूण सापडली, असं मानणं. तबकडीवर बाण असेल तर ती संदर्भ खूण. 'रीसेट' असा शब्द असेल तर मूळ खूण गेली आहे आणि ही तिच्या जागी बसवलेली नवी आहे. तबकडीवर दुसऱ्याच संस्थेचं नाव असेल तर ती वेगळीच खूण. एका चौकात दोन संस्थांच्या दोन खुणा असणं नवलाचं नाही.

मग तीन फोटो काढावेत. पहिला तबकडीचा, अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून. दुसरा उभं राहून, खूण आणि तिच्या भोवतीची जागा दिसेल असा. तिसरा दुरून, मागची इमारत किंवा रस्ता दिसेल असा, आणि तो कोणत्या दिशेला तोंड करून काढला हेही लिहावं. अवस्था चांगली आहे की तबकडी हलते आहे, खांब कलला आहे, ही नोंद महत्त्वाची. हललेली खूण दिसायला शाबूत असली तरी तिची उंची बदललेली असू शकते.

अमेरिकेत सामान्य नागरिकही ही नोंद नॅशनल जिऑडेटिक सर्व्हेला ऑनलाइन पाठवू शकतात. अनेक डेटाशीटवरची शेवटची भेट कित्येक दशकांपूर्वीची असते. मधल्या काळात रस्ता रुंद झाला, पूल नवा झाला, न्यायालय पाडलं गेलं. खूण आहे की नाही हे जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. हौशी शोधकाच्या भेटीचं मोल इथे आहे.

आणि सापडली नाही तर?

असं बऱ्याचदा होतं. पण 'सापडली नाही' आणि 'नष्ट झाली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी नोंदीतही हा फरक कसोशीने पाळला जातो. ज्या पुलात खूण होती तो पूल पाडून नवा बांधल्याचं स्पष्ट दिसतं, किंवा उखडलेली तबकडीच हाती लागते, तेव्हा 'नष्ट' म्हणता येतं. बाकी सगळ्या वेळी 'सापडली नाही' एवढंच प्रामाणिकपणे लिहायचं. कारण नष्ट म्हणून नोंदलेल्या खुणेकडे पुढे सहसा कुणी फिरकत नाही आणि सहा इंच मातीखाली शाबूत असलेली खूण कायमची विस्मृतीत जाते.

अशी नोंद करताना काय काय मोजलं, कोणत्या गोष्टी बदललेल्या दिसल्या हे लिहिलं, तर पुढच्या शोधकाचं काम सोपं होतं. वर्णनातलं चर्च आता नाही, हे कळणंही उपयोगाचं असतं.

कोणते नियम पाळायचे?

- खुणेला हात लावून हलवू नये, काढू नये, रंगवू नये. अमेरिकेच्या जुन्या तबकड्यांवर २५० डॉलर दंड किंवा तुरुंगवासाचा इशाराच ठोकलेला आहे. सरकारी सर्वेक्षण खूण जाणूनबुजून नष्ट करणं किंवा हलवणं हा तिथे आजही गुन्हा आहे.
- खासगी जागेत परवानगीशिवाय जाऊ नये. दार वाजवून, डेटाशीट दाखवून विचारलं तर अनेक जागामालक स्वतःच जागा दाखवतात.
- रेल्वे हद्द टाळावी. वर्णन कितीही मोहात पाडणारं असलं तरी रुळांलगत फिरणं जिवावर बेतू शकतं, शिवाय बेकायदा आहे.
- परवानगीशिवाय खोदू नये. वीज, गॅस आणि केबल जमिनीखालून जातात. अमेरिकेत कोणत्याही खोदकामाआधी ८११ क्रमांकावर कळवावं लागतं.
- महामार्गावर एकट्याने टेप पसरू नये. एकाने मोजावं, दुसऱ्याने वाहनांकडे लक्ष ठेवावं.

महाराष्ट्रात अशा खुणा आहेत का?

आहेत, आणि त्यांच्यामागचा इतिहास अमेरिकेइतकाच जुना आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि पुढे 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे' म्हणजे जीटीएस म्हणून ओळखलं गेलेलं काम सुरू झालं. दक्षिणेकडून त्रिकोणांची साखळी जोडत ते उत्तरेकडे सरकत राहिले. हैदराबादहून नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट इथे त्यांचं निधन झालं. त्यांची कबर तिथेच आहे.

उंची मोजण्याचं बारकाईचं काम १८५८ मध्ये सुरू झालं आणि १९०९ पर्यंत देशभर उंचीच्या खुणांचं जाळं उभं राहिलं. त्यासाठी समुद्राची सरासरी पातळी किनाऱ्यावरच्या नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरवण्यात आली. मुंबई त्यांपैकी एक होती.

महाराष्ट्रात कुणालाही सहज पाहता येईल अशी खूण म्हणजे नागपूरचा झिरो माइल. तिथल्या षटकोनी दगडावर हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची मैलांतली अंतरं कोरलेली आहेत आणि तेच फोटोंत झळकतं. शोधकाने मात्र तिथे जवळच असलेला प्रमाण बेंचमार्क पाहावा. त्याची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट अशी नोंदलेली आहे. दशांशानंतरचे तीन आकडे पाहिले, की मोजणाऱ्यांची चिकाटी लक्षात येते.

इतरत्र शोधायचं तर सुरुवात टोपोशीटपासून करावी. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात अनेकांनी ती हाताळलेली असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या या नकाशांत 'बीएम' आणि पुढे उंची लिहिलेली असेल तर तो बेंचमार्क, छोट्या त्रिकोणापुढे उंची असेल तर त्रिकोणमितीय स्थानक. नुसता ठिपका आणि आकडा असेल, तर जमिनीवर खूण सापडेलच असं नाही. नागरिकांसाठीच्या 'ओपन सीरिज' मालिकेतले नकाशे विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर मिळतात.

नकाशावरच्या जागी जुने पूल, मोऱ्या, सरकारी इमारती आणि देवळांच्या पायऱ्या निरखून पाहाव्यात. दगडावर 'जी.टी.एस.' आणि 'बी.एम.' ही इंग्रजी अक्षरं कोरलेली दिसली तर शोध लागला. किल्ल्यांवर आणि डोंगरमाथ्यावर जाणाऱ्या ट्रेकर मंडळींना त्रिकोणमितीय स्थानकांच्या खुणा भेटण्याची शक्यता अधिक.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. शेताच्या बांधावरचे हद्दीचे दगड म्हणजे बेंचमार्क नव्हेत. ते जमिनीच्या मालकीशी जोडलेले असतात. त्यांना हात लावला, तर छंद बाजूला राहून भावकीचा वाद गळ्यात पडायचा. तसंच लष्करी भाग, धरणं आणि रेल्वे हद्द यांपासून दूर राहावं. गावात शोधायला जाताना सरपंचांना किंवा ग्रामपंचायतीत सांगून गेलं, तर संशयाऐवजी मदत मिळते. 'आमच्या लहानपणी त्या मोरीवर इंग्रजी अक्षरं होती' असं सांगणारे आजोबा डेटाशीटची जागा भरून काढतात.

थोडक्यात प्रश्नोत्तरं

खर्च किती येतो? मोजपट्टी आणि होकायंत्राचा. अमेरिकेतल्या डेटाशीट आणि जुने नकाशे मोफत आहेत.

मुलांना नेता येईल का? जरूर. उद्यानातली किंवा वाचनालयाच्या भिंतीतली खूण निवडावी. दिशा, अंतर आणि प्रमाण हे धडे तिथे आपोआप होतात.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी कुठून सुरुवात करावी? आपल्या कौंटीच्या यादीतून. जुन्या न्यायालयाच्या भिंतीतली किंवा शहरातल्या उद्यानातली खूण सर्वांत सोपी.

नंतर जीपीएस घेतलं तर उपयोग होईल का? होईल, पण उलट्या बाजूने. खूण वर्णनावरून शोधायची आणि मग तिथे उभं राहून खरे अक्षांश-रेखांश नोंदवायचे. 'स्केल्ड' शेरा असलेल्या खुणेसाठी ही नोंद फार मोलाची असते, कारण पुढच्या माणसाला मग १८५ मीटर भटकावं लागत नाही.